पान्हा, धास्ती आणि एक ध्वनिमुद्रण: दुसऱ्या खेपेच्या गर्भवतीचं प्रकरण

तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या कागदांत तिसऱ्या दिवसाच्या नोंदीखाली दोनच शब्द होते: ‘दूध नाही’. कुणी लिहिले, काय तपासून लिहिले, याचा पत्ता नव्हता. चार वर्षांनी पुन्हा दिवस राहिल्यावर ती माझ्याकडे आली ती हे कागद घेऊनच. खुर्चीवर टेकायच्या आधी म्हणाली, “मॅडम, मला दूध येत नाही.” पोटातलं बाळ तेव्हा २४ आठवड्यांचं होतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका प्रसूतिगृहात स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. ही बाई तिशीच्या आतली, तालुक्याच्या गावी बँकेत नोकरीला, सासरी शेती आणि गोठा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण शिथिलीकरण आणि संमोहन यांचा स्तनपानाच्या तयारीत कुठे उपयोग होतो आणि कुठे ते चक्क आड येतं, हे दोन्ही या एकाच बाईच्या बाबतीत बघायला मिळालं.

पहिल्या वेळी काय झालं होतं

पहिल्या वेळी ३५व्या आठवड्यात पाणी गेलं आणि तातडीने सिझर करावं लागलं. बाळाला श्वासाचा त्रास होता, म्हणून त्याला दुसऱ्या दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात हलवलं. आई एका गावात, बाळ दुसऱ्या गावात, असे नऊ दिवस गेले. दूध काढायचा पहिला प्रयत्न तिसऱ्या दिवशी झाला, तोही पंपाने. ड्यूटीवरची सिस्टर शेजारी उभी राहून बाटलीत बघत होती. तळ ओला होण्यापलीकडे काही जमलं नाही. ‘दूध नाही’ हा शेरा त्यानंतरचा. बाळ घरी आलं तोवर त्याला बाटलीची सवय झाली होती. अंगावर घेतलं की ते तोंड फिरवून रडायचं. दीड महिन्यात अंगावर पाजणं बंदच झालं.

भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी एकच विचारायची, “दूध आहे ना गं?” आणि उत्तर ऐकून कुणीतरी म्हणायचंच, “हिच्या आईलाही नव्हतं.” आईला विचारलं तर ते खरं नव्हतं. तिने दोन्ही लेकरं दीड-दीड वर्ष अंगावर पाजली होती.

संमोहनाच्या भाषेत याला सूचना म्हणतात. भरवशाच्या माणसाने, मन हळवं असताना, पुन्हा पुन्हा आणि ठामपणे सांगितलेली गोष्ट. खुर्चीत बसवून डोळे मिटायला लावणारा माणूस लागतोच असं नाही. तिच्यावर हा प्रयोग चार वर्षं बिनपैशाने चालू होता.

मी तपासलं तेव्हा दूधग्रंथी कमी असल्याची एकही खूण नव्हती. दोन्ही गर्भारपणांत स्तन भरले होते. आकारात फरक नव्हता, शस्त्रक्रिया नव्हती, थायरॉइडचा अहवाल ठीक होता, पहिल्या वेळी रक्तस्रावही फार झाला नव्हता. म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ, सिझर, ताटातूट आणि उशिरा सुरू झालेलं दूध काढणं, एवढी कारणं पुरेशी होती. ताटातुटीची गोष्ट तिच्या एकटीची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली, पण जन्मानंतर पहिल्या तासात आईच्या अंगावर प्यायलेली बाळं ४१.८ टक्केच.

गोठ्यातलं शास्त्र

पहिल्या भेटीला सासूबाई बरोबर होत्या. मी दोन संप्रेरकांचं सांगत होते: प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ग्रंथी आवळून ते बाहेर ढकलतं, आणि आई घाबरलेली असली की हे दुसरं काम अडतं. त्या मध्येच म्हणाल्या, “म्हणजे पान्हा चोरती म्हणा की. आमची म्हस बी परक्या माणसाला धार देत न्हाई. रेडकू लावलं, ह्यांचा हात लागला, की सोडती.”

माझं अर्धं काम तिथेच झालं. कारण हे शास्त्र मुळात गोठ्यातूनच आलेलं आहे. अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी १९४१ साली गायींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गायीच्या पाठीवर मांजर ठेवायचं, कानाशी कागदी पिशव्या फोडायच्या आणि मग धार काढायची. घाबरलेली गाय दूध सोडत नसे. सात वर्षांनी नाइल्स आणि मायकेल न्यूटन या दांपत्याने एका आईवर तसाच प्रयोग केला. कधी पाय बर्फाच्या पाण्यात, कधी अंगठ्याला हिसका, कधी तोंडी गणितं, आणि त्यातच बाळाला पाजायचं. निवांतपणी बाळ सरासरी १६८ ग्रॅम दूध पीत होतं, व्यत्ययात ९९. तसाच व्यत्यय ठेवून आईला ऑक्सिटोसिन टोचलं तर १५३. दूध आत होतंच, नुसतं सुटत नव्हतं. १९९४ साली जपानमध्ये उएदा आणि सहकाऱ्यांनी पाजणाऱ्या आयांना मनातल्या मनात आकडेमोड करायला लावली, गोंगाट ऐकवला. त्यांच्या रक्तात ऑक्सिटोसिनच्या लाटा कमी झाल्या, प्रोलॅक्टिनवर मात्र परिणाम दिसला नाही.

हा शेवटचा तपशील मी प्रत्येक गर्भवतीला सांगते. काळजीने दूध ‘आटत’ नाही, निदान लगेच तरी नाही. आधी ते अडतं. अडलेलं दूध काढलं गेलं नाही तर काही दिवसांनी शरीर तयार करणं कमी करतं, आणि मग आटल्यासारखं दिसतं. मधले ते काही दिवस आपल्या हातात असतात.

तयारी

गर्भारपणातल्या स्तनपान शिक्षणाबद्दल भाबडं असून चालत नाही. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात अशा शिक्षणाने स्तनपानाचं प्रमाण किंवा कालावधी वाढतो याचा ठोस पुरावा मिळाला नव्हता. एखादं व्याख्यान, एक पत्रक, आईच्या दुधाचे फायदे, एवढ्यावर आटोपणारे वर्ग मीही पाहिले आहेत. फायदे कुणाला माहीत नसतात? तिला ते पाठ होते, आणि म्हणूनच अपराधी वाटत होतं.

शिथिलीकरणाचे पुरावे आहेत ते बहुतेक बाळंतपणानंतरचे. अमेरिकेत १९८९ साली फेहर आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांना शिथिलीकरणाची २० मिनिटांची ध्वनिफीत ऐकायला दिली. साधारण आठवड्याने एका वेळेचं काढलेलं दूध मोजलं, तर ते न ऐकणाऱ्या आयांपेक्षा ६३ टक्के जास्त भरलं. मलेशियात पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाजताना अशी फीत ऐकणाऱ्या आयांचा ताण कमी झाला, दुधातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी भरलं, बाळं जास्त झोपली आणि त्यांचं वजनही अधिक वाढलं. ६४ जणींची ही लहान चाचणी होती, पण नीट केलेली.

मग गर्भारपणातच का सुरू करायचं? माझं कारण साधं आहे. टाके ठणकत असताना, रात्री तीन वाजता, रडणारं बाळ हातात घेऊन कुणी खांदे सैल सोडायला शिकत नाही. ते आधीच अंगवळणी पडलेलं असावं लागतं.

आम्ही जेकबसनच्या पद्धतीने सुरुवात केली. एकेक स्नायू आधी आवळायचा, मग सोडायचा, म्हणजे ताण कुठे साठतो ते अंगाला कळतं. तिचा जबड्यात आणि खांद्यांत साठत होता. मान, खांदे, दंड आखडले की बाळ धरण्याची पद्धतही बिघडते, त्यामुळे हा भाग निव्वळ मनाचा नव्हताच. संमोहनासाठी मी तिला आमच्याकडे येणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं. मी ते करत नाही, आणि चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र घेऊन कुणी गर्भवतीवर ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्यांना संमोहन म्हटल्यावर टीव्हीवरचा लंबक हलवणारा माणूस आठवला होता. योगनिद्रेच्या जवळचं काहीतरी आहे, शुद्ध हरपत नाही, नको वाटलं तर डोळे उघडून उठता येतं, एवढं सांगितल्यावर ते निवळले.

पण पहिल्याच सत्रात अडलं. डोळे मिटले, श्वास लांबला, आणि दोन मिनिटांत ती ताडकन उठून बसली. अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरचा टुकटुक आवाज कानात सुरू झाला म्हणाली. हात गार पडले होते. असं होतं. शांत केलेल्या मनात दडलेलं वर येतं. ज्या बाईचं आधीचं बाळंतपण घाबरवणारं गेलं आहे तिला सरसकट ‘डोळे मिटा आणि ध्वनिमुद्रण ऐका’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं. मानसशास्त्रज्ञांनी सत्र तिथेच थांबवलं. पुढच्या दोन भेटी नुसत्या त्या नऊ दिवसांबद्दल बोलण्यात गेल्या. नंतरचा सराव डोळे उघडे ठेवून केला, समोरच्या खिडकीच्या कडीवर नजर ठेवून. तो जमला.

सूचनांचा मजकूर आम्ही तिघींनी मिळून लिहिला. समुद्रकिनारा, धबधबा, शुभ्र प्रकाश हे सगळं तिने नाकारलं. तिला माहेरची उन्हाळ्यातली माडी हवी होती: वाळवणाचा वास, गार फरशी. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. ‘तुला भरपूर दूध येईल’, ‘दुधाच्या धारा वाहतील’ असलं एकही वाक्य नको. पहिल्या दोन दिवसांत चीक येतो, तोही एका वेळी चमचाभर. धारांची अपेक्षा ठेवून बसलेल्या बाईला तो चमचा म्हणजे पुन्हा ‘दूध नाही’. सूचना प्रमाणाची नसावी, कृतीची असावी. शेवटी मजकूर असा ठरला:

“जबडा सैल. जीभ टाळूपासून सोड. खांदे कानांपासून लांब. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे. बाळाच्या टाळूचा वास घे. त्याचं ऊन अंग तुझ्या अंगाला लागू दे. तुला काही आणायचं नाही. थेंब आला तरी तो त्याच्या पोटापुरता आहे.”

हे तिने स्वतःच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ऐकण्याआधी दर वेळी तेच करायचं: दोन घोट पाणी, डावा तळवा छातीवर, तीन लांब उच्छ्वास. बाळाच्या नुसत्या रडण्यानेही आईचं ऑक्सिटोसिन वाढू लागतं, हे १९८३ मधल्या मॅकनीली यांच्या अभ्यासात दिसलं होतं. पान्ह्याला सवय लावता येते. गोठ्यात बादलीचा आवाज झाला की म्हैस पान्हावते, हे सासूबाईंनी सांगितलंच.

याच्या जोडीला रूक्ष वाटणारे धडे होते: बाळ छातीला कसं लावायचं, हाताने दूध कसं काढायचं, लघवीचे लंगोट कसे मोजायचे. गर्भारपणातच चीक काढून ठेवायची तिची इच्छा होती. पण आधीचं बाळंतपण वेळेआधी झालेलं आणि बोंडांच्या उत्तेजनाने गर्भाशय आवळतं, म्हणून प्रसूतितज्ज्ञांनी परवानगी दिली नाही. हाताने काढायचा सराव मोज्यात कापूस भरून केलेल्या नकली स्तनावर केला.

नवऱ्याला एकच काम दिलं. भेटायला येणाऱ्याने दुधाचं विचारलं की त्याने उत्तर द्यायचं, तिने नाही.

दुसरी रात्र

३८व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या आणि आधीचा छेद दुखू लागल्याने पुन्हा सिझर झालं. मुलगी झाली, २७२० ग्रॅम. मी आधीच बोलून ठेवलं होतं, त्यामुळे रिकव्हरीत आणल्याबरोबर बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. तासाभरात ते चाटू-चोखू लागलं. बाळ तिच्याजवळच राहिलं. मला वाटतं या प्रकरणात सगळ्यात मोठा फरक याच गोष्टीने पडला. ध्वनिमुद्रण त्याच्या नंतर.

दुसऱ्या रात्री बाळ सतत मागत होतं. हे अपेक्षित असतं, आणि तिला ते ठाऊकही होतं. तिने पाणी प्यायलं, तळवा छातीवर ठेवला, रेकॉर्डिंग लावलं. सिस्टरने पावडरच्या दुधाचं विचारलं तर “सकाळपर्यंत थांबू” म्हणाली. रात्रपाळीच्या नोंदीत ‘आई शांत, बाळ अंगावर’ असं लिहिलं आहे. सकाळी मी गेले तर चेहरा खरंच शांत होता, आणि दोन्ही बोंडांना चिरा पडलेल्या. बाळाने सोडल्यावर बोंड एका बाजूने चपटं झालेलं, टोकावर पांढरी रेघ. बाळ नुसतं टोक धरत होतं. रात्रभर.

“दुखत नव्हतं का?” विचारलं. “दुखत होतं. पण मी त्यातून श्वास घेतला,” ती म्हणाली.

सिझर टळावं म्हणून तिने शेवटच्या महिन्यांत कळांसाठीच्या संमोहनाचा एक ऑनलाइन वर्गही केला होता. त्यात शिकवतात की कळ ही लाट आहे, तिच्याशी झगडू नकोस, तिच्याबरोबर वाहत जा. कळांच्या बाबतीत हे योग्यच आहे, कारण कळ हे काम आहे आणि ते संपणार असतं. प्रसूतिवेदनांसाठीच्या संमोहनाचा कोक्रेन आढावा सांगतो की त्याने वेदनाशामकांचा एकूण वापर कमी होत असावा. पण बोंडाचं दुखणं हा निरोप आहे: पकड चुकली, सोडव, पुन्हा लाव. सहन करण्याचं कौशल्य इथे लावलं तर आईला जखम होते आणि बाळाला दूध मिळत नाही. उथळ पकडीत बाळाला दूध नीट ओढता येत नाही. पान्हा सुटला तरी बाळ उपाशी.

तिसऱ्या दिवशी बाळाचं वजन २४९० भरलं, म्हणजे साडेआठ टक्के घट. पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंतची घट सहसा चालते, दहाकडे जाऊ लागली की हातपाय हलवावे लागतात. बालरोगतज्ज्ञांनी जिभेखालचा पडदा बघितला, तो ठीक होता. आम्ही तिला उशांना टेकवून मागे रेलून बसवलं, बाळ कुशीत आडवं घेण्याऐवजी टाक्यांना चुकवून काखेखालून आणलं, आणि तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबायला शिकवलं. दर वेळच्या पाजण्यानंतर हाताने दूध काढून, जेमतेम आठ-दहा मिली, घरातल्या जुन्या चांदीच्या बोंडल्याने पाजलं. उकळून घेतलेल्या, अर्थातच. आणि त्याच दुपारी तिने रेकॉर्डिंगमध्ये एक वाक्य वाढवलं: “पहिल्या क्षणानंतरही दुखलं तर थांबायचं. कोपऱ्यातून बोट घालायचं. पुन्हा लावायचं.”

चौथ्या दिवशी स्तन भरले. पाचव्या दिवशी वजन २५३०, लघवीचे लंगोट सहाच्या वर, शी पिवळी. तेराव्या दिवशी २७४०. पावडर लागली नाही. चिरा भरायला आणखी आठवडा गेला.

याचा अर्थ काय लावायचा

या वेळी बाळ पूर्ण दिवसांचं होतं. ते आईजवळ होतं. आईला हाताने दूध काढता येत होतं, घरचे तिच्या बाजूने होते, आणि दुसऱ्या खेपेला दूध बहुधा लवकर आणि जास्त उतरतं. यातला किती वाटा त्या अकरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगचा, हे एका प्रकरणावरून कुणी सांगू नये. माझा अंदाज असा की त्याने दूध वाढवलं नाही. दुसऱ्या रात्री पावडरचा डबा उघडण्याची घाई टळली, एवढंच त्याने केलं. पण पहिल्या खेपेला सगळं घसरलं ते नेमकं त्याच वळणावर. आणि त्याच रात्री त्या शांतपणाने एक चूक सकाळपर्यंत झाकूनही ठेवली.

म्हणून आता आमच्या वर्गात कळांचं शिथिलीकरण आणि पाजण्याचं शिथिलीकरण वेगवेगळ्या दिवशी शिकवतो, आणि दुसऱ्याची सुरुवात दुखण्यापासून करतो. रात्रपाळीच्या सिस्टरना सांगितलं आहे की आई शांत दिसली तरी पाजून झाल्यावर बोंड बघायचं.

सहा महिने बाळ अंगावरच होतं. २६ आठवड्यांची रजा संपल्यावर ती बँकेत जाऊ लागली. दुपारी रेकॉर्ड रूममध्ये दार लावून पंपाने दूध काढते. रेकॉर्डिंग आता लागत नाही, मोबाइलमधला बाळाचा व्हिडिओ पुरतो. वर्षअखेरीच्या ताळेबंदाच्या आठवड्यात दूध निम्म्यावर आलं. तिने फोन केला, पण आवाजात घाबरगुंडी नव्हती. “काम संपलं की येईल ना परत?” आलं.

तिच्या ओळखीने तिच्याच बँकेतली आणखी एक गर्भवती आली. ‘तेच रेकॉर्डिंग मलाही द्या’ म्हणाली. तपासलं तर सातव्या महिन्यातही स्तनांत काहीच बदल नव्हता, दोन्हींमध्ये अंतर बरंच आणि एक स्पष्टपणे लहान. या दूधग्रंथी कमी असण्याच्या खुणा. तिला मी रेकॉर्डिंग दिलं नाही. प्रसूतितज्ज्ञांना पत्र दिलं, संप्रेरकांच्या तपासण्या सुचवल्या, आणि जन्मानंतर रोज वजन करायचं, गरज पडली तर वरचं दूध कुठलं आणि कसं द्यायचं, हे तिच्या नवऱ्यासमोर बसून आधीच लिहून काढलं.